पन्नास टन बर्फ आणि एक बांगडो नाय

आमच्या बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर बंद झाला की पहिले दोन-तीन दिवस आमच्या घरात कुणालाच धड झोप लागत नाही. वर्षातले दहा महिने तो मागच्या बाजूला घरघरत असतो. पाहुणे विचारतात, ह्या आवाजात तुम्ही झोपता कसे? झोपतो की छान. आवाज थांबला की मात्र आबा, म्हणजे माझे सासरे, रात्री दोनला उठून बसतात आणि "काय झाला?" म्हणून विचारतात. काही झालेलं नसतं. बंदी लागलेली असते.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, तर बंदी लागायचीच होती. नियमानं मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. पण मे महिना संपायच्या आतच समुद्र खवळला, २५ मे रोजी पाऊस देवगडात दाखल झाला आणि सगळ्यांनी होड्या आधीच वर ओढल्या. १९९० नंतर इतक्या लवकर मान्सून राज्यात पहिल्यांदाच आला म्हणे. आमच्या टाकीत बर्फाच्या शंभरेक लाद्या तयार होत्या, त्या तशाच राहिल्या.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते : आमचा बर्फाचा कारखाना आहे, मालवणहून सर्जेकोटच्या वाटेवर. लहानसाच, दिवसाला दहा टनांचा. सासऱ्यांनी काढला. आता मशीन नवरा बघतो आणि बाकी सगळं मी. म्हणजे लाईटबिल, उधारी, कामगारांचे पगार, पहाटे चारला येऊन दार ठोकणारे तांडेल (लाँचीचे कप्तान) आणि "वैनी, दोन लादये उधार" हे सगळं.

तर अशा रिकाम्या दिवसांत अल् ऐनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या नणंदेचा मुलगा. आमच्याच कारखान्यात आबांच्या हाताखाली शिकला, मग आयटीआय केलं, मग आखातात गेला. तिथे एसी दुरुस्त करतो. अल् ऐन म्हणजे अबू धाबीच्या पोटातलं, ओमानच्या सीमेवरचं वाळवंटी गाव. जूनमध्ये तिथे चाळिशीच्या पुढे पारा.

"मामी, हंय भारताची मॅच आसा. चेडवांची. बर्फार."

मला वाटलं, फोनच्या आवाजात मी काहीतरी चुकीचं ऐकलं. पण फोनच्या चौकटीत खरंच सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यावरून हेल्मेट घातलेल्या मुली सर्रकन इकडून तिकडे जात होत्या. बॉल कुठे आहे तो मला काही दिसेना. तो म्हणाला, बॉल नसतो, रबराची चकती असते. तीन इंच रुंद, एक इंच जाड. म्हणजे न फुगलेल्या वड्याएवढी, हे मी मनात ठरवून टाकलं. समोरचा संघ कुणाचा ते विचारेपर्यंत आमच्याकडची लाईट गेली आणि वायफाय गेलं.

ती होती महिलांची आशिया कप स्पर्धा, आइस हॉकीची. मेच्या अखेरीस सुरू झालेली, जूनच्या पहिल्या आठवड्यात संपणारी. भाचा मित्रांबरोबर गेला होता, खरं तर एसीपेक्षा गार बसायला मिळतं म्हणून. पुढचे तीन-चार दिवस तो तुकड्या-तुकड्यांत व्हिडिओ पाठवत राहिला आणि मी खेळ शिकत राहिले. एका बाजूला सहा जणी, त्यात एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. साधारण पाऊण मिनिटात खेळाडू दमते आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून बाहेर येते, दुसरी आत उडी घेते. खो दिल्यासारखंच, फक्त पाठीत हात मारत नाहीत. धसमुसळेपणा केला तर दोन मिनिटं एका पेटीत जाऊन बसायचं आणि तेवढा वेळ तुमचा संघ एकीनं कमी. ही शिक्षा मला फार आवडली. आमच्याकडे उधारी बुडवणाऱ्यांना अशी पेटी पाहिजे.

पण खरं सांगू? पहिले दोन दिवस मी मुलींकडे बघितलंच नाही. मी बर्फ बघत होते.

आमच्या धंद्यात बर्फ हा फोडायचा माल. गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे मिठाच्या थंडगार पाण्यात उभे करायचे. त्या पाण्यातून अमोनियाच्या कॉईल जातात. दीड-दोन दिवसांनी लादी तयार. डबा उचलून साध्या पाण्यात बुडवायचा, लादी सुटते, ती आडवी करायची, हूक मारून ओढायची आणि क्रशरच्या तोंडात द्यायची. धड धड धड. चुरा होऊन लाँचीच्या खणात. इतकी मेहनत करून बनवलेली वस्तू आम्ही पाच मिनिटांत तोडून टाकतो. आणि इथे ही माणसं बर्फ आखून-रेखून, निळ्या-लाल रेघा ओढून जपत होती.

भाच्यानं मग नीट समजावलं. आपलाच कारखाना, पण उताणा घातलेला. काँक्रीटच्या लादीखालून नळ्या, त्यात मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल नावाचं न गोठणारं द्रावण फिरतं. वरून पाण्याचे पातळ पातळ थर देत बर्फ चढवायचा. मध्ये पांढरा रंग, त्यावर रेघा, त्यावर पुन्हा पाणी. रेघा बर्फाच्या आत गाडलेल्या असतात. सगळी मिळून जाडी जेमतेम इंच-सव्वा इंच.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद (मैदानं थोडी अरुंदही असतात), जाडी तीन सेंटीमीटर. पन्नासेक टन. आमच्या कारखान्याचे पाच दिवस.

आबा शेजारी ओटीवर पेपर चाळत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पन्नास टन बर्फ, आणि त्यात एक बांगडो नाय?"

डावांच्या मधल्या वेळात तिथे एक गाडी येते. ती बर्फाचा वरचा ओरखडलेला पापुद्रा खरवडून घेते आणि मागून पाणी सोडत जाते. ते पाणी गरम असतं. इथे मी आबांना हरवलं, कारण त्यांना आधी पटेना. पण लादीचं पोट पांढरं का होतं हे त्यांनीच मला शिकवलंय : पाण्यात विरघळलेली हवा मध्ये अडकते म्हणून. म्हणून तर आपण डब्यात हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवतो. गरम पाण्यात हवा कमी. शिवाय ते खालचा बर्फ किंचित वितळवतं आणि मग त्याच्याशी एकजीव होऊन गोठतं. आबांनी थोडा विचार केला आणि "बरोबर" म्हणाले. वीस वर्षांत तीन-चारदाच ऐकलेला शब्द.

त्या गाडीला झाम्बोनी म्हणतात आणि तिची गोष्ट मला मासळीबाजारात उभं राहून सगळ्यांना सांगाविशी वाटते. फ्रँक झाम्बोनी हा माणूस आणि त्याचा भाऊ कॅलिफोर्नियात बर्फाचा कारखाना चालवायचे! १९२७ पासून. लाद्या काढायच्या आणि विकायच्या, आमच्यासारखंच. मग घरोघर फ्रीज आले, लादीला गिऱ्हाईक घटलं. मशीन होतं, थंडी बनवायची विद्या होती, विकत घ्यायला कोणी नव्हतं. तेव्हा त्यांनी १९४० मध्ये लॉस एंजेलिसजवळ स्केटिंगचं मैदान काढलं. तिथला बर्फ दुरुस्त करायला तीन-चार माणसं आणि तासाच्या वर वेळ लागायचा, लोक ताटकळायचे. फ्रँकनं खटपट करून करून १९४९ मध्ये गाडी बनवली, एका माणसानं चालवायची. आज जगभर तिला त्याचंच आडनाव आहे.

ही गोष्ट आबांना सांगताना माझा आवाज थोडा चढला असणार. बर्फाच्या कारखानदाराला कोणी विचारत नाही हो. ते शांतपणे म्हणाले, "फ्रीज इलो तेव्हा आपलो धंदो खंय गेलो? मासळी फ्रीजात मावाक नाय."

आता मुलींकडे येते. भारताच्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलमधल्या स्पितीच्या. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे थंडीत तळी गोठतात, किंवा रात्री मोकळ्या जागेत पाणी सोडून थरावर थर चढवतात, आणि त्यावर खेळ. वीज नको, अमोनिया नको. पण हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. आमची बंदी दोन महिने, त्यांचा धंदा दोन महिने. उरलेले दहा महिने बर्फच नाही. आणि त्या दोन महिन्यांतही आधी पुरुषांचे संघ खेळणार, मग उरल्या वेळात मुली. (ह्यात नवल वाटण्यासारखं काय आहे? आमच्या वाडीतल्या क्रिकेटच्या मैदानावर मुलींना कोणती वेळ मिळते ते बघा. दुपारी बाराची.)

पहिल्यांदा हा संघ परदेशात खेळला तो २०१६ मध्ये, तैवानला. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, बँकॉकला गेला आणि फिलिपिन्सला ४-३ नं हरवून पहिला सामना जिंकला. खर्चासाठी लोकांकडून वर्गणी काढली होती. त्या सुरुवातीच्या संघाची गोलरक्षक नूरजहाँ लेहमध्ये जुने थांका (कापडावरची बौद्ध चित्रं) आणि जुनी वस्त्रं जतन करायचं काम करते. एका हातानं दोनशे वर्षांचा धागा सांभाळायचा आणि दुसऱ्या हातानं गोठलेली चकती अडवायची. चकती गोठवूनच आणतात, बरं का. नाहीतर रबर बर्फावर टणाटण उड्या मारतं.

तर बघा : तैवान, बँकॉक, अल् ऐन. बर्फावर खेळायला लडाखच्या मुली कुठे जातात, तर घामाच्या धारा लागतात अशा गावांना. लोक म्हणतात हा थंड देशांचा खेळ. कारखानदारीण म्हणून माझं मत विचाराल तर हा लाईटबिलाचा खेळ आहे. ज्याला कॉम्प्रेसर बारा महिने चालवता येतो त्याच्याकडे बर्फ. आपल्या देशात डेहराडूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी चांगलं बंदिस्त मैदान बांधलं, आणि मग ते कितीतरी वर्षं बंद पडून राहिलं, कारण चालवायचा खर्च. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. ह्यावर मी हसणार नाही. एक महिना धंदा नसताना मशीन चालू ठेवलं की काय होतं ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

बंदीच्या दिवसांत रात्री मोकळ्याच असतात. पावसातही लाईट राहिली तर मी जुन्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांच्या फायनल शोधून बघायला लागले. पहिली अधिकृत स्पर्धा १९९० मध्ये, कॅनडातल्या ओटावाला. म्हणजे ज्या वर्षी पाऊस असाच लवकर आला होता त्याच वर्षी, उगीच जोडलं. आठ संघ होते, त्यात जपानही. कॅनडानं अमेरिकेला ५-२ नं हरवलं. लोकांचं लक्ष जावं म्हणून कॅनडाच्या मुलींना गुलाबी पोशाख दिला होता. जगज्जेत्या व्हायला निघालेल्या बायकांना गुलाबी! पण त्या स्पर्धेत अंगावर धडक मारायला परवानगी होती आणि त्या गुलाबी पोशाखात त्यांनी एकमेकींना कठड्यावर अशा आपटल्या आहेत की बघून मला बरं वाटलं. नंतर महिलांसाठी ती धडक नियमातून काढली. कुणी म्हणेल बरं केलं. मलाही खेळ जास्त पळता दिसतो. तरी ठरवणाऱ्यांनी त्यांना विचारलं असेल का, हा किडा डोक्यातून जात नाही.

पण मला रात्रभर जागवलं ते २०१९ च्या फायनलनं. फिनलंडमधलं एस्पो गाव. आतापर्यंत ही स्पर्धा कॅनडा आणि अमेरिका सोडून कोणी जिंकलेली नाही. दोघींचीच पंगत, बाकीचे वाढपी. त्या वर्षी फिनलंडनं उपांत्य फेरीत कॅनडाला ४-२ नं घरी पाठवलं आणि आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर अमेरिकेविरुद्ध फायनल गाठली. कॅनडा आणि अमेरिकेशिवाय तिसरं कोणी तिथवर पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. १-१ बरोबरी. जादा वेळ. त्यात फिनलंडच्या पेत्रा निएमिनेननं चकती जाळ्यात ढकलली. झालं, जिंकलं! हातमोजे हवेत, काठ्या हवेत, सगळ्या एकमेकींच्या अंगावर. प्रेक्षक रडतायत. मी पण, खोटं कशाला सांगू, सहा वर्षांनी, मालवणात, मच्छरदाणीत बसून.

आणि मग पंच स्क्रीन बघायला गेले. बघतात, बघतात, बघतात. मुली उभ्या. हातमोजे जमिनीवरच पडलेले. शेवटी निर्णय आला : गोल रद्द, कारण त्याआधी फिनलंडची खेळाडू अमेरिकेच्या गोलरक्षकाला धडकली होती. गंमत म्हणजे त्याच धडकेत पाय आडवा घातला म्हणून त्या गोलरक्षकालाही दंड दिला. दोघीही चुकलात, पण गोल नाही. मी ती धडक अकरा वेळा बघितली. गोलरक्षक आपल्या जागेच्या बाहेर आली होती, हे माझं मत, आणि मी ते बदलणार नाही. पुढे एकेकीनं गोल मारायच्या फेरीत अमेरिका जिंकली. फिनलंडच्या मुलींनी पडलेले हातमोजे उचलून पुन्हा घातले आणि पुन्हा खेळल्या, तो क्षण मात्र मी एकदाच बघितला. परत नाही बघवला.

यंदा एप्रिलमध्ये झेक प्रजासत्ताकात झाली ती फायनलही बघितली. अमेरिका ४, कॅनडा ३, जादा वेळेत. छान झाली. पंगत तीच.

एका रात्री आबा मागे येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते माहीत नाही. स्क्रीनवर एक मुलगी सपशेल आपटली, घसरत कठड्यापर्यंत गेली आणि उठून तशीच पळाली.

आमच्या किनाऱ्यावर बर्फात हात असतात ते बायकांचेच. सुंगटां (कोळंबी) सोलायच्या शेडमध्ये सात-आठ तास उकिडवं बसून बर्फाच्या पाण्यात बोटं. पहाटे लिलावातून मासळी घेऊन बारदानात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा पाटीत घालून बाजार गाठणाऱ्याही त्याच. माझ्या दारात येणाऱ्या म्हाताऱ्यांची बोटं बघा, सांधे असे गाठाळलेले. पण कारखान्याच्या टाकीवर बाईनं चढायचं नाही, हा आबांचा नियम. मी लग्न होऊन आले तेव्हाच सांगितला होता. अमोनिया असतो, फळ्या निसरड्या, साडी क्रेनच्या साखळीत अडकेल. तिन्ही कारणं खरी. अमोनिया आणि निसरड्या फळ्या पुरुषांनाही त्याच होत्या, एवढंच.

मग एका ऑक्टोबरात, ऐन हंगामात, नवऱ्याची कंबर धरली आणि तो तीन आठवडे पडून होता. आबा मुंबईला गेलेले, डोळ्याच्या ऑपरेशनला. पहाटे नऊ लाँची रांगेत. मी ड्रेसवर त्याची पँट चढवली आणि वर गेले. दुसऱ्याच दिवशी पडले, दोन डब्यांच्या मधल्या फळीवरून, गुडघ्यावर. कामगारांना सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. टाके पडले ते सायकलवरून पडले म्हणून सांगितले. आबा परत आले तेव्हा मी टाकीवरच होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर तो नियम कुणी काढला नाही आणि कुणी पाळलाही नाही.

तर त्या रात्री स्क्रीनवरची ती मुलगी उठून पळाली आणि आबा म्हणाले, "लागत नाय त्यांका?"

मी म्हटलं, आबा, गुडघ्याला, खांद्याला, सगळीकडे पॅड असतात.

"तुझ्या गुडघ्याक पॅड नव्हता," ते म्हणाले. आणि झोपायला गेले.

दहा वर्षं मला वाटत होतं, त्यांना सायकलच माहीत आहे.

अल् ऐनच्या त्या स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळालं. ह्या संघाचं ह्या स्पर्धेतलं पहिलंच पदक. भाच्यानं रात्री फोटो पाठवला, गळ्यात पदकं, मागे तिरंगा. मी तो आमच्या बर्फवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथे एरवी डिझेलचे भाव आणि पापलेटचे फोटो येतात. दोन अंगठे आले आणि एकानं विचारलं, "वैनी, १ ऑगस्टला मशीन चालू ना नक्की?"

परवा मी आणि आबांनी एक प्रयोग केला. लाँचीच्या कडेला बांधतात त्या जुन्या टायरमधून आबांनी कोयत्यानं एक गोल तुकडा कापला, साधारण वड्याएवढा. तो ओटीवरून खाली टाकला, गुडघ्यापर्यंत उडाला. मग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला आणि सकाळी पुन्हा टाकला. वीतभरसुद्धा उडाला नाही, थड करून बसला. आबांनी तो आणखी दोनदा टाकून बघितला आणि मग टाकीत राहिलेल्या शेवटच्या लादीवरून पायानं ढकलला. लादी अर्धी विरघळलेली, पण चकती पार टोकापर्यंत गेली आणि पलीकडे पावसात पडली. नातवाला आणायला सांगितली.

आता ती पुन्हा फ्रीजरमध्ये आहे, मोरी माशाच्या पिशवीशेजारी. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "ह्या काय गो? उडवू काय?"

"ऱ्हवांदे," आतल्या खोलीतून आबाच ओरडले.